सासूबाईंचा पलंग आणि आजोबांचा बुडखा

गावात त्यांना खऱ्या नावाने हाक मारणारं कुणी उरलं नव्हतं. टपालवाल्यापासून चहाच्या टपरीवाल्यापर्यंत सगळे त्यांना बुडखेराव म्हणायचे. ते वनरक्षक होते. त्यांच्या हद्दीतलं सागाचं झाड कुणी कापून नेलं की जंगलात मागे राहायचा तो बुडखा, आणि त्या बुडख्याशेजारी मान खाली घालून उभे राहायचे ते हे. टेप लावून घेर मोजायचे, पंचनामा लिहायचे, टोपी झटकायचे आणि घरी यायचे.

"झाड होतं तेव्हा फिरकले नाहीत, आता सांत्वनाला निघालेत," टपरीवाला त्यांच्या तोंडावर म्हणायचा.

"अरे, एवढं मोठं जंगल आणि मी एकटा. प्रत्येक झाडाचा हात धरून बसू का?" बुडखेराव म्हणायचे आणि चहा फुंकरत प्यायचे.

तसा माणूस सरळ. उंच, किडकिडीत, कानाच्या पाळ्या मोठ्या. जंगलातल्या झाडांशी बोलायची सवय. माणसांशी बोलताना मात्र शब्द घशात अडकायचे, आणि सासूबाईंशी बोलताना तर शब्द घशापर्यंतही पोचायचे नाहीत. सासूबाई त्यांच्याकडेच राहायला आल्या होत्या. पाठ दुखते म्हणून लेकीकडे जरा आरामाला आल्या आणि मग आराम काही संपेना.

बुडखेरावांच्या हद्दीत एक जुनं सागाचं झाड होतं. त्याला ते आजोबा म्हणायचे. दुपारी त्याच्या खोडाला सायकल टेकवायची, मुळावर बसून डबा खायचा, बायकोने भाजीत मीठ विसरलं असेल तर ते आजोबांना सांगायचं. आजोबा कधी ते बायकोपर्यंत पोचवत नसत. असा श्रोता माणसाला जन्मात एखादाच मिळतो.

आणि एक दिवस आजोबाच गेले. बुडखेराव डबा घेऊन पोचले तर तिथे नुसतं आभाळ होतं. खाली ताजा बुडखा, भुसा, आणि ओढत नेल्याची खूण थेट रस्त्यापर्यंत. बुडखेरावांनी सायकल टेकवायला म्हणून सवयीने सोडली, ती धाडकन पडली. ते तसेच बुडख्यावर बसले आणि त्या दिवशी डबा उघडलाच नाही.

साहेबांनी त्यांना ऑफिसात बोलावलं. साहेबांचं पोट टेबलाच्या अलीकडे आणि राग पलीकडे असायचा.

"बुडखेराव, झाडामागून झाड चाललंय. आता हे सगळ्यांत जुनं गेलं. वर काय सांगू? वाऱ्याने उडालं?"

"साहेब, मी..."

"चोर सापडला तर ठीक. नाहीतर तुमची बदली डेपोत. तिथे लाकडं मोजा. ती तरी जागची हलत नाहीत."

डेपो त्यांनी पाहिला होता. पत्र्याची शेड, उन्हात तापलेलं मैदान, आणि ओळीने आडवी पाडलेली खोडं, अंगावर रंगाने आकडे घातलेली. ज्याने जन्मभर झाडं उभी पाहिली त्याने ती रोज आडवी कशी बघायची? बायकोला ते एवढंच म्हणाले, "डेपोत गेलो तर बोलणार कुणाशी?"

"माझ्याशी बोला की!" बायको म्हणाली.

"ते वेगळं," बुडखेराव म्हणाले, आणि मग त्यांना दोन दिवस भाजीत मीठ मिळालं नाही.

पण काही महिन्यांतच, देवाची कृपा म्हणा, खात्याने नवीन पद्धत आणली. प्रयोगशाळेच्या एक मॅडम शिकवायला आल्या. वयाने लहान, पण बोलणं स्वच्छ.

"हे बघा," त्या म्हणाल्या, "जसा प्रत्येक माणसाचा डीएनए वेगळा, तसा प्रत्येक झाडाचाही. पानात तोच, मुळात तोच, खोडात तोच. झाड कापा, फळ्या पाडा, पॉलिश मारा, डीएनए बदलत नाही. बुडख्याचा तुकडा आणि फळीचा तुकडा जुळला, की ती फळी त्याच झाडाची. चोराला तोंड वर करायला जागा नाही."

साहेबांनी विचारलं, "म्हणजे झाडाचा अंगठा?"

"अंगठाच म्हणा."

बुडखेरावांच्या डोळ्यांत पाणी आलं. आयुष्यभर ज्या बुडख्यांपायी चेष्टा झाली, ते बुडखे साक्षीदार होते म्हणायचे!

मॅडमनी प्रत्येकाला एक पेटी दिली. त्यात एक पोकळ छिन्नी. ती लाकडावर ठेवून हातोडीने ठोकली की गोल चकतीसारखा तुकडा निघायचा. तो कागदी पाकिटात घालायचा, ओल लागू द्यायची नाही. "आणि एक लक्षात ठेवा," मॅडम म्हणाल्या, "दर वेळी एक नमुना मुद्दाम भलत्याच ठिकाणच्या सागाचा पाठवा. ज्याचा चोरीशी काडीचाही संबंध नाही असा. तो जुळता कामा नये. तो जुळला नाही म्हणजे आमची तपासणी बरोबर चाललीय हे आम्हाला कळतं."

साहेबांचा संशय गावाबाहेरच्या आरागिरणीच्या मालकावर होता. संशयाचं कारण एवढंच की तो फार हसायचा. बुडखेराव गेले, गिरणीतल्या सागाच्या फळ्यांना छिन्नी लावून चकत्या काढल्या. मालक शेजारी उभा राहून हसत होता.

"काढा, काढा. बिस्किटं पाडताय का, बुडखेराव? चहा मागवू?"

आजोबांच्या बुडख्याचा तुकडाही काढून झाला. तो काढताना बुडखेराव हळूच म्हणाले, "जरा लागेल हं." राहिला तो भलत्याच ठिकाणचा नमुना. त्यासाठी ओढा ओलांडून समोरच्या टेकडीवर चढायचं होतं. बुडखेरावांचा गुडघा त्या दिवशी कुरकुरत होता. दुपारची वेळ. घरी येऊन ते खुर्चीत बसले आणि समोर त्यांना सासूबाईंचा पलंग दिसला.

हा पलंग म्हणजे घरातली एक स्वतंत्र सत्ता होती. सासूबाईंनी तो नुकताच आपल्या मानलेल्या भावाकडून करून घेतला होता. हा भाऊ शेजारच्या गावातला सुतार. जिभेवर इतकी साखर, की सगळे त्याला गोडबोल्या म्हणायचे. पलंग भक्कम, उशाला कोरीव वेलबुट्टी, अख्खा सागाचा. "परदेशचा साग आहे, जहाजातून आलाय. आपल्याकडच्या लाकडाला हा रंग यायचा नाही," असं गोडबोल्याने सांगितलं होतं आणि सासूबाई ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायच्या. पलंग नवीन असूनही कूस बदलली की करकरायचा. "जिवंत लाकूड आहे, बोलतं," सासूबाई म्हणायच्या. लाकूड नीट वाळवलेलं नसलं की असं करकरतं, हे जंगलखात्यातल्या माणसाला कळायला हवं होतं. पण सासूबाईंच्या पलंगाकडे नीट बघायची बुडखेरावांची छाती कुठे होती?

त्यांनी हिशेब केला. समोरची टेकडी ओढ्यापलीकडे. हा पलंग समुद्रापलीकडचा. यापेक्षा भलतं ठिकाण आणखी कुठलं?

सासूबाई दुपारची झोप काढत होत्या. बुडखेराव रांगत पलंगाखाली शिरले. छिन्नी पलंगाच्या पायाला लावली. वर घोरण्याचा आवाज चढला की हातोडी मारायची, उतरला की थांबायचं. असं करत चकती निघाली. पाकिटात गेली. टेकडी वाचली, गुडघा वाचला.

दुसऱ्या दिवशी सासूबाईंचा कंगवा पलंगाखाली पडला आणि त्यांनी घर डोक्यावर घेतलं.

"अगं बाई! माझ्या पलंगाला कीड लागली!"

बायको धावली. शेजारीण धावली. भोक सगळ्यांनी पाहिलं.

"काय गोल पाडलंय!" शेजारीण म्हणाली. "कीड असली तरी भूमितीत हुशार आहे."

"जावईबापू, तुम्ही जंगलातले. बघा बरं कसली कीड आहे."

बुडखेराव पलंगाखाली वाकले. आपणच पाडलेल्या भोकाकडे त्यांनी बराच वेळ बघितलं. "एकच आहे," ते शेवटी म्हणाले. "आकाराने मोठी असावी."

"चावेल का?"

"नाही. स्वभावाने गरीब वाटते."

सासूबाईंनी भोकात रॉकेल ओतलं. त्यानंतर कित्येक दिवस त्या पलंगाखाली वास घेत फिरत होत्या आणि बुडखेरावांना जेवण जात नव्हतं.

मग प्रयोगशाळेतून मॅडमचा फोन आला.

"बुडखेराव, गिरणीतली एकही फळी जुळत नाही."

बुडखेरावांना समोर डेपोची पत्र्याची शेड दिसायला लागली.

"पण एक गंमत झालीय," मॅडम म्हणाल्या. "तुमचा तो भलत्या ठिकाणचा नमुना आहे ना? तो बुडख्याशी तंतोतंत जुळतोय. तुम्ही पाकिटांची अदलाबदल तर केली नाहीत? कुठून घेतला होता तो?"

"परदेशातून," बुडखेराव म्हणाले आणि खाली बसले.

"काय?"

"म्हणजे... पुन्हा घेऊन पाठवतो, मॅडम."

त्या दुपारी ते पुन्हा पलंगाखाली शिरले. आजोबा या घरात! ज्यांच्या मुळावर बसून डबा खाल्ला, ते आपल्याच घरात, आणि त्यांच्यावर सासूबाई! छिन्नी लावली, हातोडी उचलली, घोरण्याची वाट बघितली. घोरणं आलं नाही. वरून एक चेहरा उलटा लोंबकळत खाली आला.

"सापडली कीड," सासूबाई म्हणाल्या.

बुडखेरावांचं डोकं फळीला आपटलं. ते बाहेर आले ते चोरासारखे, हातात हातोडी, केसांत जळमटं. बायको दारात उभी.

"अहो, हे काय चाललंय तुमचं?"

मग काय, सांगावंच लागलं. आजोबांपासून डेपोपर्यंत सगळं एका दमात. आयुष्यात एवढं मोठं वाक्य ते सासूबाईंसमोर पहिल्यांदाच बोलत होते. बोलून झालं. पलंग तेवढा करकरला.

"माझा भाऊ चोर?" सासूबाई म्हणाल्या. "अहो, मला ताई म्हणतो तो! तुमचं यंत्र खोटं."

"असेलही, आई."

"असेलही काय? असेलही काय? पाडा भोक. माझ्यासमोर पाडा. पायाशी नको, पायाला पायच लागतात. उशाकडे पाडा, कोरीव कामाच्या मधोमध. आणि पाकिटावर मी सही करणार."

उशाच्या वेलबुट्टीत एक फूल होतं. त्याचा मध्य सासूबाईंनी स्वतः बोटाने दाखवला. चकती निघाली. सही झाली. पाकीट गेलं. मधल्या काळात सासूबाई पलंगावर बसायच्या, पण टोकाला, पाहुण्यासारख्या.

उत्तर तेच आलं. झाड तेच.

सासूबाई उठल्या, पलंगावरून खाली उतरल्या आणि जमिनीवर बसल्या. "मी रोज सकाळी यावर बसून देवाचं नाव घेते," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "चोरीच्या लाकडावर बसून! देव म्हणत असेल, ही बाई मला हाक मारते आणि खाली मुद्देमाल दाबून बसते."

"आई, देवाला कळतं हो," बायको म्हणाली. "तुला कुठे माहीत होतं?"

"त्याला कळतं म्हणून तर लाज वाटते."

संध्याकाळी साहेब जीप घेऊन आले, सोबत जप्तीचे कागद. सासूबाई पुन्हा पलंगावर चढून आडव्या झाल्या होत्या, चादर गळ्यापर्यंत ओढून.

"बाई, उठा. हा पलंग जप्त करायचाय."

"मला धरून करा."

साहेबांनी बुडखेरावांकडे बघितलं. बुडखेरावांनी छताकडे बघितलं.

"साहेब," सासूबाई झोपूनच बोलल्या, "पलंग आज नेलात तर उद्या त्याला कळेल. बाकीच्या फळ्या तो लपवील. मग माझ्या जावयाला डेपोत पाठवाल. त्यापेक्षा आधी माझा भाऊ धरू, मग पलंग न्या. एवढं साधं तुमच्या टोपीत शिरत नाही?"

साहेबांनी टोपी काढून आत बघितलं. मग म्हणाले, "धरायचा कसा?"

"त्याचं माझ्यावर सोडा. एक चूक माझी आहे, ती मीच निस्तरीन." आणि मग, भिंतीकडे तोंड करून, "मी त्याला कधी सांगितलंच नाही की जावई जंगलात आहेत. मी म्हणायचे, मोठ्या ऑफिसात आहेत. वनरक्षक म्हणायला जीभ रेटत नव्हती. सांगितलं असतं तर तो पलंग या घरात द्यायला धजावला असता का?"

बुडखेरावांना वाईट वाटावं की आनंद व्हावा, ते ठरेना. त्यांनी फक्त "चालायचंच, आई" म्हटलं.

दुसऱ्या दिवशी सासूबाई नव्या साडीत, बुडखेराव इस्त्रीच्या शर्टात, असे दोघे गोडबोल्याच्या कारखान्यात गेले. साहेबांची जीप कोपऱ्यावर लपली होती. कारखान्यात गोंदाचा वास, पायाखाली भुशाची गादी, आणि गोडबोल्या कानामागे पेन्सिल लावून.

"अहो, ताई! या, या! आज सूर्य कुठून उगवला? आणि हे ऑफिसवाले जावईबापू! बसा, साहेब, बसा."

"बसायला आले नाही," सासूबाई म्हणाल्या. "पलंगाला शोभेल असं एक कपाट हवंय. त्याच झाडाचं."

"त्याच झाडाचं? ताई, ते परदेशी लाकूड. जहाज गेलं निघून. दुसरं देतो की, त्याहून सुरेख."

"मग राहू दे. तुझ्या समोरच्या गल्लीतला सुतार म्हणत होता, पलंगात भेसळ आहे. पाय एका झाडाचे, उसं दुसऱ्या झाडाचं. म्हणूनच जुळणारं मिळायचं नाही. चला, जावईबापू."

हा बाण वर्मी बसला. गोडबोल्या चोर असेल, पण कारागीर होता.

"भेसळ? माझ्या कामात? तो समोरचा साधं स्टूल करतो तर ते लंगडतं! ताई, थांबा. तुमच्यापासून काय लपवायचं?" त्याने मागच्या पडवीतली ताडपत्री ओढली. खाली सागाच्या जाडजूड फळ्या रचलेल्या, कडेला अजून साल चिकटलेली. "बघा. हेच झाड, अख्खंच्या अख्खं. पलंगातला एक तुकडाही बाहेरचा नाही. देवाशपथ."

"देवाला मधे घेऊ नकोस," सासूबाई म्हणाल्या. "जावईबापू, काढा तुमची ती कीड."

बुडखेरावांनी खिशातून छिन्नी काढली, फळीवर ठेवली, हातोडी ठोकली. चकती हातात आली.

"हे काय? हे कसलं यंत्र?" गोडबोल्याचा आवाज पहिल्यांदाच बिनसाखरेचा आला. "ताई, हे ऑफिसात आहेत ना?"

सासूबाईंनी पदर खोचला. "माझे जावई वनरक्षक आहेत," त्या अशा आवाजात म्हणाल्या की कोपऱ्यावरच्या जीपमध्ये साहेबांनासुद्धा ऐकू गेलं. "आणि तू ज्यांचा पलंग मला दिलास, ते त्यांचे आजोबा होते!"

गोडबोल्याने हे फारच मनाला लावून घेतलं. तो मटकन भुशात बसला. "मला काय माहीत, ताई," तो म्हणाला, "यांच्या आजोबांचं झाड होतं ते! पाहुण्यांचं आहे म्हणून कळलं असतं तर हात लावला नसता."

ती चकतीही जुळली. रात्री टेंपो लावून झाडं नेल्याचं गोडबोल्याने कबूल केलं, आधीच्याही काही झाडांचं. गिरणीच्या मालकाने ही बातमी ऐकली आणि तो इतका हसला की साहेबांचा त्याच्यावर पुन्हा संशय बसला. बुडखेरावांच्या बदलीचा कागद साहेबांनी टराटरा फाडला आणि त्याच टेबलावर चहा मागवला.

पलंग मात्र गेला. चार जणांनी उचलून ऑफिसच्या कोठीत नेऊन ठेवला, पाटी बांधून. खटला संपेपर्यंत तिथेच. सासूबाईंना बुडखेरावांनी आपली खाट दिली आणि आपण चटईवर आले. दर आठवड्याला सासूबाई कोठीवर जाऊन पलंग पुसून यायच्या. एकदा गेल्या तर दुपारच्या वेळी साहेब त्यावर घोरत होते. "मुद्देमालावर झोपता? लाज नाही वाटत?" असा आवाज आला आणि साहेब इतक्या जोरात उठले की पलंगाने करकरून साक्ष दिली.

मग पाऊस होऊन गेला. बुडखेराव नेहमीसारखे डबा घेऊन आजोबांच्या बुडख्याशी गेले, आणि त्याच दुपारी धावत घरी आले. सायकल विसरून आले.

"फुटला! बुडखा फुटला!"

"अरे देवा, आता तोही चोरला?" बायको म्हणाली.

"नाही गं! पालवी फुटली! कडेने कोंब आलाय, हाताएवढी पानं!"

सासूबाई माळ ओढत बसल्या होत्या. त्यांनी हातातला मणी तसाच धरून ठेवला आणि विचारलं, "जावईबापू, त्या मॅडम म्हणाल्या होत्या ना, पानात तोच, मुळात तोच, खोडात तोच?"

"हो, आई."

"म्हणजे कोंबातही तोच?"

"तोच की."

सासूबाईंनी बोटांवर हिशेब केला. मग त्यांचा चेहरा उजळला.

"म्हणजे माझा पलंग उगवतोय!"

तेव्हापासून पाठ दुखायची थांबली. सासूबाई जावयाच्या सायकलवर मागे बसून जंगलात जाऊ लागल्या, हातात पाण्याची कळशी घेऊन. बुडखेराव डबा खायचे, सासूबाई कोंबाभोवती काट्यांचं कुंपण नीट करायच्या आणि आल्यागेल्याला हटकायच्या. गुराखी तिकडून फिरकेनासे झाले. चोरांचं तर नावच नको. साहेब म्हणाले, असा पहारा खात्याला परवडला नसता.

बुडखेरावांना एकच अडचण झाली. भाजीत मीठ नसलं तर आता ते आजोबांना सांगता येत नव्हतं. आजोबांनी कुणाला सांगितलं नसतं. सासूबाईंनी मात्र घरी पोचायच्या आत सांगितलं असतं. म्हणून ते मुकाट्याने अळणी भाजी खायचे आणि कोंबाकडे बघायचे.

"हे बघा," एक दिवस सासूबाई कोंबाचं पान पुसत म्हणाल्या, "उसं वर आलंय. आता पाय यायचे राहिलेत."

"आई, त्याला फार वर्षं लागतील हो."

"लागू देत. मला कुठे घाई आहे?" त्यांनी कळशी उपडी केली, कोंबाला हात जोडले आणि सायकलवर मागे बसल्या. "तोवर तुमची खाट आहेच."